कलम १९४-ब आणि पालकांचे अज्ञान : मोटारीतील बालकांच्या सुरक्षेबाबत शासनाच्या माहितीविषयक जबाबदारीची समीक्षा

गोषवारा :

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील बालकास सीटबेल्ट अथवा बालआसन यांनी सुरक्षित न करता मोटार चालविणे दंडनीय ठरले आहे. तथापि कोणत्या वयाच्या बालकास मोटारीत कोठे, कसे आणि कोणत्या साधनाने बसवावे, ही माहिती पालकांपर्यंत पोहोचविण्याची पुरेशी व्यवस्था शासनाने उभी केलेली नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या विसंगतीची समीक्षा केली असून, दंड करण्याच्या अधिकाराआधी माहिती देण्याचे कर्तव्य येते, असे प्रतिपादन केले आहे. कायद्याची शब्दरचना हीच पालकांना मिळणारी पहिली माहिती असते आणि प्रस्तुत कलमात ती माहितीच अपुरी व काही अंशी दिशाभूल करणारी आहे, हा या निबंधाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : बालआसन, कलम १९४-ब, माहितीचे कर्तव्य, बालहक्क, रस्ते सुरक्षा, लोकप्रशासन.

१. प्रस्तावना :

प्रसूतिगृहातून बाळ घरी येते तो दिवस प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यात आनंदाचा असतो. बाळाला दुपट्यात नीट गुंडाळले जाते, कानाला वारा लागू नये म्हणून टोपरे घातले जाते आणि आई किंवा आजी त्याला मांडीवर घेऊन मोटारीत बसते. पुष्कळदा ‘पुढे ऐसपैस जागा असते’ म्हणून तिला चालकाशेजारची जागा दिली जाते. या साऱ्या कृतींमागे माया आहे, काळजी आहे. मात्र मोटारीच्या अपघाताचे शास्त्र विचारात घेतले तर त्या मोटारीतील सर्वांत असुरक्षित व्यक्ती ते बाळच असते.

प्रस्तुत लेखकास स्वतःच्या अपत्याच्या जन्मावेळी आलेला अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. घरी पाठविताना लसीकरणाचे वेळापत्रक, स्तनपानाविषयीच्या सूचना, नाळेची काळजी, काविळीची लक्षणे अशी सर्व माहिती आपुलकीने समजावून सांगण्यात आली. बाहेर मोटार उभी होती. त्या मोटारीत बाळाला कसे न्यावे, याविषयी कोणी एक शब्दही बोलले नाही, आणि आम्हालाही विचारावेसे वाटले नाही. यात कोणा एका संस्थेचा दोष नाही. जी गोष्ट सांगायची असते हेच सांगणाऱ्याला कोणी सांगितलेले नाही, ती सांगितली जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रस्तुत निबंधाचे मूळ त्या दिवसात आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांमध्ये अठरा वर्षांखालील मुलामुलींची संख्या नऊ हजारांहून अधिक होती. त्याच वर्षी सीटबेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ व्यक्तींचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ८,३३१ जण चालक नसून सहप्रवासी होते. हे आकडे विचारात घेता, मोटारीत बसणाऱ्या बालकाच्या सुरक्षेचा प्रश्न मूठभर श्रीमंतांचा म्हणून दुर्लक्षिता येणार नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) बालआसनाची शास्त्रीय गरज थोडक्यात स्पष्ट करणे, (आ) कलम १९४-ब च्या शब्दरचनेचे चिकित्सक परीक्षण करणे, (इ) पालकांना माहिती देण्याच्या शासनाच्या जबाबदारीचा कायदेशीर व नैतिक आधार तपासणे, (ई) अमेरिकेतील अनुभवाच्या प्रकाशात भारतातील स्थितीचे मूल्यमापन करणे, आणि (उ) काही व्यवहार्य शिफारशी सुचविणे. निबंधासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम, नियम, न्यायनिर्णय व शासकीय अहवाल या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. बाजारात ज्यास ‘चाइल्ड सीट’ किंवा ‘बेबी कार सीट’ म्हणतात, त्यासाठी येथे ‘बालआसन’ ही संज्ञा योजली आहे. या वस्तूला मराठीत अद्याप सर्वमान्य नाव मिळालेले नाही. ज्या वस्तूला लोकांच्या भाषेत नाव नाही, तिच्याविषयीची माहिती लोकांपर्यंत पोहोचलेली नाही असे समजण्यास हरकत नसावी.

३. मांडी आणि आसन : शास्त्रीय पार्श्वभूमी :

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या झाडावर वा भिंतीवर आदळून जागीच थांबली, तर आतील न बांधलेली व्यक्ती त्याच वेगाने पुढे जात राहते. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारणपणे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका असतो. मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे मानले, तर दहा किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी हातांना सरासरी १४० किलो वजनाइतका ओढा सहन करावा लागेल. कोणत्याही आईचे वा बापाचे हात तो सहन करू शकत नाहीत. मायेची मिठी कितीही घट्ट असली तरी गतिशास्त्राचे नियम तिच्यासाठी शिथिल होत नाहीत. शिवाय आईनेही सीटबेल्ट लावलेला नसेल, तर तिच्याच शरीराच्या भाराखाली बाळ चिरडले जाण्याचा धोका असतो.

मोठ्या माणसांसाठी बनविलेला सीटबेल्ट लहान मुलाला लावणे हाही यावरचा उपाय नव्हे. सीटबेल्ट शरीराच्या मजबूत हाडांवर, म्हणजे ओटीपोटाचे हाड, छातीचा पिंजरा व खांदा यांवर टेकेल अशा रीतीने रचलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत तोच पट्टा पोटावर आणि गळ्यावर येतो. परिणामी पोटातील अवयवांना व मानेला इजा होऊ शकते. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मानेचे मणके पुरते टणक झालेले नसतात. म्हणूनच अगदी लहान बाळासाठी मोटारीच्या मागील बाजूस तोंड असलेले आसन लागते. समोरून धडक बसल्यास आघात बाळाच्या संपूर्ण पाठीवर विभागला जातो व मानेला हिसका बसत नाही. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये अशा आसनाचा पहिला नमुना सिद्ध केला. मूल मोठे झाल्यावर पुढे तोंड असलेले व स्वतःचे पट्टे असलेले आसन, त्यानंतर सीटबेल्ट योग्य जागी यावा म्हणून उंची वाढविणारे आसन आणि सुमारे १३५ ते १५० सेंटिमीटर उंची झाल्यावर केवळ सीटबेल्ट, असा हा क्रम आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार बालआसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षे वयोगटात ५४ टक्क्यांनी कमी होतो. लसीखेरीज इतका परिणामकारक उपाय बालआरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच आढळेल. प्रश्न असा की, लसीची माहिती दारोदार पोहोचते, मग याची का पोहोचत नाही ?

४. कलम १९४-ब : एका ‘किंवा’ची समीक्षा :

१ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या कलम १९४-ब च्या पोटकलम (२) चा आशय असा आहे की, चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या बालकास सीटबेल्टने किंवा बालआसन प्रणालीने सुरक्षित न करता जो कोणी मोटार चालवील अथवा चालवू देईल, तो एक हजार रुपये दंडास पात्र होईल. भारतीय कायद्यात बालप्रवाशाचा असा स्वतंत्र विचार होणे ही स्वागतार्ह घटना होय. तथापि या तरतुदीची बारकाईने तपासणी केली असता तीन उणिवा ठळकपणे जाणवतात.

पहिली उणीव ‘किंवा’ या शब्दात आहे. सीटबेल्ट ‘किंवा’ बालआसन असा पर्याय दिल्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचा पट्टा लावणारा चालक कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरतो. इतकेच नव्हे, तर मांडीवरील बाळासह स्वतःभोवती एकच पट्टा आवळून घेणारी आईदेखील आपण कायदा पाळला असे मानू शकेल. वास्तविक ही बसण्याची अत्यंत घातक रीत आहे. कारण धडकेच्या क्षणी आईच्या शरीराचा सारा भार बाळाला पट्ट्यावर दाबतो. ज्या पालकाने कायदा वाचला, त्याला कायद्यानेच चुकीचा धडा दिला, असे येथे म्हणावे लागते.

दुसरी उणीव म्हणजे चौदा वर्षांखालील सर्व बालकांना एकाच मापाने मोजले आहे. तीन महिन्यांचे तान्हे बाळ आणि आठवीतला मुलगा यांच्या शरीररचनेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वय, वजन व उंची यांनुसार कोणते साधन वापरावे, हे कलमात कोठेही सूचित होत नाही. बालआसनांसाठी ‘एआयएस-०७२’ हे भारतीय मानक अस्तित्वात आहे. परंतु ते उत्पादक व चाचणी संस्था यांच्यासाठीचे तांत्रिक दस्तऐवज आहे. दुकानात उभ्या असलेल्या पालकाने ते वाचावे अशी अपेक्षा करणे अवास्तव होय.

तिसरी उणीव बसण्याच्या जागेविषयीची आहे. बालकाने पुढे बसावे की मागे, याविषयी कलम मौन बाळगते. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग बंधनकारक झाली. मोठ्यांसाठी हा निर्णय हिताचाच आहे. परंतु एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात प्रचंड जोराने फुगते. पुढच्या जागेवर मांडीवर घेतलेले बाळ, किंवा तेथे मागे तोंड करून ठेवलेले बालआसन, यांच्यासाठी तो आघात प्राणघातक ठरू शकतो. म्हणजे एका नियमाने शासनाने मोटारीत एक नवे साधन आणले आणि त्या साधनापासून बाळाला दूर ठेवावे, ही सूचना मात्र सूर्यपडद्यावरील चिकटपट्टीच्या बारीक अक्षरांवर सोपविली. ती बहुधा इंग्रजीत असते किंवा खुणांच्या भाषेत असते. घरातील आजीने ती वाचलेली नसते.

शासनाला तपशीलवार नियम करता येत नाहीत, असे मात्र नाही. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने, एका वर्षानंतर लागू होईल अशा रीतीने, दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलांसाठी चालकाशी जोडलेला सुरक्षा-पट्टा, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा ठरविण्यात आली. तो पट्टा ३० किलोपर्यंत भार पेलणारा असावा, इतका तपशील त्या नियमात आहे. दुचाकीच्या बाबतीत जे सांगणे शक्य झाले, ते मोटारीच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही. अर्थात दुचाकीचा हा नियमही किती पालकांना ठाऊक आहे, हे आपल्या कोणत्याही शहरातील शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहिल्यास दिसून येते.

५. माहिती देण्याच्या कर्तव्याचा आधार :

‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ हे तत्त्व सर्वश्रुत आहे. परंतु या तत्त्वाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘हारला विरुद्ध राजस्थान राज्य’ (१९५१) या खटल्यात असे स्पष्ट केले की, जो कायदा लोकांना कळविलाच गेला नाही, त्याच्या आधारे त्यांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. आज राजपत्रातील प्रसिद्धीने ही अट औपचारिकरीत्या पूर्ण होते. मात्र राजपत्रात छापले जाणे आणि पालकाला कळणे यांत मोठे अंतर आहे. चोरी करू नये हे राजपत्र न वाचताही कळते. मागे तोंड असलेले आसन केव्हापर्यंत वापरावे, हे तसे उपजत कळत नाही. ज्या कर्तव्यासाठी विशेष ज्ञान लागते, त्या कर्तव्याच्या बाबतीत शासनाची जबाबदारी औपचारिक प्रसिद्धीने संपत नाही.

दुसरा आधार बालहक्कांचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. या संहितेच्या अनुच्छेद २४ (२) (इ) नुसार, बालकांचे आरोग्य, पोषण, स्तनपान, स्वच्छता यांच्या बरोबरीने अपघात-प्रतिबंधाचे मूलभूत ज्ञान समाजाच्या सर्व घटकांना, विशेषतः पालकांना व बालकांना, मिळेल आणि ते वापरण्यास त्यांना साहाय्य होईल, याची हमी राष्ट्रांनी घ्यावयाची आहे. येथे ‘पालकांना माहिती’ हा शब्दप्रयोग अनुषंगाने आलेला नाही. तो कर्तव्याचा गाभा आहे. त्याच अनुच्छेदातील स्तनपान व पोषण यांविषयीचे कर्तव्य आपल्या आरोग्ययंत्रणेने स्वीकारले आहे. मोटारीतील बालकाच्या बाबतीत अपघात-प्रतिबंध हा शब्द मात्र कागदावरच राहिला.

तिसरा आधार माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये सापडतो. कलम ४ (२) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने शक्य तितकी माहिती स्वतःहून लोकांना द्यावी, आणि कलम ४ (४) नुसार ती देताना खर्च, स्थानिक भाषा व त्या भागातील परिणामकारक माध्यम यांचा विचार करावा, अशी अपेक्षा आहे. या तरतुदींचा रोख प्रामुख्याने प्रशासनाच्या कारभारावर आहे हे मान्य केले, तरी त्यांमागील तत्त्व व्यापक आहे : नागरिकाने विचारण्याची वाट न पाहता शासनाने सांगावे. जो पालक ‘बाळाला कसे बसवू ?’ असे विचारतच नाही, त्याच्यासाठी हेच तत्त्व सर्वांत मोलाचे ठरते.

६. अमेरिकेचा अनुभव :

बालआसन सक्तीचा कायदा करणारे अमेरिकेतील पहिले राज्य टेनेसी हे होय. रदरफोर्ड परगण्यातील बालरोगतज्ज्ञ व आरोग्याधिकारी डॉ. रॉबर्ट सँडर्स यांच्या प्रयत्नांतून १९७७ मध्ये तो संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. मात्र विधिमंडळात त्यास एक अपवाद जोडण्यात आला : बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर आसनाची गरज नाही. आईच्या मिठीवरील विश्वास हा केवळ भारतीय नाही, हे यावरून दिसते. सँडर्स यांच्या मते हा अपवाद बालकांना चिरडणारा होता, कारण त्यामुळे सर्वांत धोकादायक रीतीलाच कायद्याची मान्यता मिळत होती. अखेर १९८१ मध्ये तो वगळण्यात आला. १९८५ पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. कायद्याचा शब्द पालकांना शिकवीत असतो, हे या इतिहासाचे सार आहे. आपल्या कलम १९४-ब मधील ‘किंवा’ आणि टेनेसीतील तो अपवाद यांचे साम्य नजरेआड करता येत नाही.

अमेरिकेचा दुसरा धडा एअरबॅगविषयी आहे. १९९० च्या दशकात तेथे प्रवासी-बाजूच्या एअरबॅग सर्वत्र आल्या आणि त्यांच्या आघाताने शंभरहून अधिक मुलांचे प्राण गेले. त्यानंतर शासनाने ठळक इशारापट्ट्या सक्तीच्या केल्या आणि मुलांना मागच्या जागेवर बसविण्याची मोहीम हाती घेतली. म्हणजे साधन आधी आले आणि माहिती मागाहून. त्या मधल्या काळाची किंमत मुलांनी दिली. हा इतिहास उपलब्ध असताना भारतातही त्याच क्रमाने घडावे, ही बाब खेदजनक आहे.

तिसरा धडा माहितीच्या विश्वासार्हतेचा आहे. जानेवारी २००७ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या प्रतिष्ठित ग्राहक नियतकालिकाने तपासलेल्या १२ पैकी बहुतेक बालआसने चाचणीत अपयशी ठरल्याचे प्रसिद्ध केले. पालकांत घबराट पसरली. शासकीय यंत्रणेने त्या चाचण्यांची छाननी केली, तेव्हा बाजूच्या धडकेच्या चाचण्या सांगितल्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाच्या आघाताइतक्या तीव्र होत्या असे आढळले आणि काही दिवसांतच नियतकालिकाला तो अहवाल मागे घ्यावा लागला. नामांकित संस्थाही चुकू शकते आणि ती चूक दुरुस्त करण्यासाठी तांत्रिक क्षमता असलेली सार्वजनिक यंत्रणा लागते, हे यातून स्पष्ट होते. बालआसन ही अशी वस्तू आहे की जिचा चांगुलपणा खरेदीच्या वेळी दिसत नाही आणि वापरतानाही दिसत नाही. तो केवळ अपघाताच्या क्षणी कळतो. अशा वस्तूबाबत निवडीचा सारा भार पालकावर टाकणे म्हणजे बाजाराने त्याला जे सांगावे, ते त्याने मुकाट्याने मानावे असे म्हणण्यासारखे आहे.

आसन विकत घेतले म्हणजेही काम संपत नाही. अमेरिकेच्या २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीत सुमारे ४६ टक्के बालआसने चुकीच्या रीतीने वापरली जात असल्याचे दिसून आले. यामुळेच तेथे प्रशिक्षित व्यक्तीकडून आसन तपासून घेण्याची केंद्रे चालविली जातात. माहिती देणे म्हणजे फलक लावणे नव्हे. हात धरून दाखविणे हाही माहितीचाच भाग आहे.

७. आक्षेपांचा विचार :

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, देशातील बहुसंख्य कुटुंबे दुचाकी, बस व रिक्षाने प्रवास करतात. हजारो रुपयांच्या बालआसनाची चर्चा त्यांच्यासाठी गैरलागू आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. परंतु माहितीचा मोठा भाग बिनखर्चाचा आहे. मुलाला मागे बसवा. एअरबॅगसमोर कधीही नको. एका पट्ट्यात दोघे नकोत. मोठ्यांनी मागेही सीटबेल्ट लावा. या चार वाक्यांना एक पैसाही लागत नाही आणि ती भाड्याच्या गाडीतही उपयोगी पडतात. उलट आसन परवडत नाही अशा कुटुंबालाच या वाक्यांची गरज अधिक आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुलाची काळजी हे पालकांचे काम आहे, शासनाचे नव्हे. पण पालकांचे काम आहे म्हणूनच त्यांना माहिती हवी. शासनाने पालकाच्या जागी बसावे असे कोणी म्हणत नाही. आणि शासनाने दंडाची पावती हाती घेतली त्याच क्षणी ‘हा कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे’ असे म्हणण्याचा अधिकार त्याने गमावला आहे.

तिसरा आक्षेप असा की, माहिती उपलब्ध आहे. शोधणाऱ्याला ती मिळते. येथे ‘भारत एनकॅप’ या मूल्यांकन योजनेचे उदाहरण घेता येईल. २२ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या या योजनेत मोटारीला बालप्रवासी सुरक्षेसाठी ४९ पैकी गुण आणि त्यानुसार तारे दिले जातात. हे पाऊल निश्चितच स्तुत्य आहे. मात्र ही चाचणी दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या प्रतिकृती योग्य बालआसनात बसवून घेतली जाते. म्हणजे बालसुरक्षेचे पाच तारे बालआसन वापरले तरच खरे ठरतात. जाहिरातीतील तारे पाहून मोटार घेणारा आणि मूल मांडीवर बसविणारा पालक त्या ताऱ्यांच्या भरवशावर अधिक निर्धास्त होतो. अर्धी माहिती कधीकधी अज्ञानापेक्षाही घातक असते, ती अशी.

माहितीचा प्रसार घटनेच्या धक्क्याने नव्हे तर व्यवस्थेने व्हावा, हेही सांगणे आवश्यक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागील आसनावर होते व त्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यांनी सीटबेल्ट लावण्याचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत कितीतरी आधीपासून होता. पण अनेकांना तो त्या दिवसानंतर कळला. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सर्व प्रवाशांसाठी सीटबेल्टची अंमलबजावणी जाहीर झाली. बालआसनाचा नियम कळण्यासाठीही आपण अशाच एखाद्या दुर्घटनेची वाट पाहणार आहोत काय ?

८. शासनाच्या हाती असलेली साधने :

माहिती पोहोचविण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही, असे म्हणता येणार नाही. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेने वाड्यावस्त्यांपर्यंत दोन थेंबांचा संदेश नेला आणि २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. गरोदर मातेच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड असते. १ जून २०११ पासून राबविल्या जाणाऱ्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातून माता व नवजात बालकास मोफत वाहनाने घरी सोडण्याची तरतूद आहे. बाळाचा पहिला प्रवास शासन स्वतःच्या खर्चाने घडविते. परंतु त्या कार्यक्रमातील हक्कांच्या यादीत औषधे, रक्त, आहार व वाहन असले तरी वाहनात बाळाला सुरक्षित बसविण्याच्या साधनाचा उल्लेख नाही. शासन नागरिकाकडून ज्याची अपेक्षा करते, त्याचा आरंभ शासनाच्या स्वतःच्या वाहनात व्हावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

९. शिफारशी :

(१) कलम १९४-ब (२) मधील ‘किंवा’ दूर करून वय व उंचीनुसार योग्य साधन निश्चित करणारे नियम करावेत आणि एअरबॅग सुरू असलेल्या पुढील जागेवर लहान बालकास बसविण्यास स्पष्ट मनाई करावी.

(२) प्रसूतिगृहातून घरी पाठविताना बालकाच्या वाहनप्रवासाविषयी तोंडी सूचना व मराठीतील सचित्र पत्रक देणे सर्व शासकीय व खासगी रुग्णालयांना बंधनकारक करावे. माता-बाल संरक्षण कार्डात या विषयाला एक पान द्यावे.

(३) शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत बालप्रवासी सुरक्षेवरील प्रश्न अनिवार्य असावा आणि नवी मोटार ग्राहकाच्या ताब्यात देताना विक्रेत्याने बालआसन बसविण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे.

(४) मूल्यांकनाच्या ताऱ्यांसोबत ‘बालआसन वापरल्यासच लागू’ ही सूचना स्थानिक भाषेत ठळकपणे छापावी.

(५) जिल्हा रुग्णालये व परिवहन कार्यालये यांत आसन तपासणीची सोय करावी आणि अल्प अनामत रकमेवर आसने वापरावयास देणारी केंद्रे प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावीत. मूल वाढले की आसन निरुपयोगी होते. म्हणून ते विकत घेण्यापेक्षा काही काळ वापरावयास मिळणे अनेक कुटुंबांना सोयीचे होईल.

(६) पहिल्या दोन वर्षांत दंडाऐवजी लेखी सूचना व माहितीपत्रक द्यावे; दंडाची अंमलबजावणी त्यानंतर करावी.

१०. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मोटारीतील बालकाच्या सुरक्षेबाबत शासनाने पालकांवर जबाबदारी टाकली, परंतु ती पार पाडण्यासाठी लागणारे ज्ञान त्यांना दिले नाही. कलम १९४-ब ची शब्दरचना अपुरी आहे, एअरबॅगविषयीची सूचना दुर्लक्षित आहे आणि मूल्यांकनाचे तारे अर्धवट बोलतात. शासनाची माहितीविषयक जबाबदारी ही दयेची वा प्रचाराची बाब नसून बालहक्क संहितेने स्वीकारलेले आणि न्यायतत्त्वाने पुष्ट झालेले कर्तव्य आहे. भारतीय पालक मुलाच्या सुरक्षेविषयी बेपर्वा आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. बाळाला मांडीवर घट्ट धरणारी आई काळजीत कोठेही कमी पडत नाही. तिला हे हात पुरणार नाहीत, एवढेच कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम शासनाचे आहे, आणि ते दंडाच्या पावतीआधी व्हावयास हवे.